चिकटवणीच्या खोलीतला पंखा

मी एक जुना पंखा आहे, मित्रांनो. पण वारा घालून लाड करणाऱ्यांतला नव्हे. खोलीतली घाण हवा ओढून भिंतीपलीकडे फेकायची, हे माझं काम. मला घडवणाऱ्या कारागिराने माझी पाठ थोपटली होती, "गडी दमदार आहे!"

मला बुटांच्या कारखान्यात बसवलं. तिथे बायका ब्रशने सोल्युशन फासून बुटांना तळ चिकटवतात. त्या सोल्युशनचा वास गोड असतो, म्हणूनच लबाड. आधी डोकं जड करतो, मग भूक मारतो, आणि गुपचूप हातापायांच्या नसा खातो. मी तो सगळा बाहेर हाकलायचो.

मग घाईच्या ऑर्डरी सुरू झाल्या. माझ्या ओढीने सोल्युशन लवकर वाळायचं, तळ निसटायचा आणि मुकादम खेकसायचा. त्या धाकाने बायकांनीच मला बंद केलं आणि माझ्या तोंडावर पुठ्ठा ठोकला. त्यांना हसू नका. मानेवर सुरी असली की माणूस श्वासाचा विचार नंतर करतो. दोष सुरी धरणाऱ्याचा!

तपासणीला साहेब आले की पुठ्ठा निघायचा. "वा, हवेशीर आहे!" म्हणत ते जायचे. पुठ्ठा परत तोंडावर. असलं कौतुक जळो.

माझ्याखाली दोन जावा बसत. एका दुपारी थोरली पाणी पिऊन आली आणि धाकटी खिदळली, "जाऊबाई, एक चप्पल कुणाला दान केलीत?"

थोरलीचा एक पाय अनवाणी होता. चप्पल दारातच राहिली होती.

"अगं बाई! मला कळलंच नाही."

धाकटीचं हसू विरलं. तिने थोरलीच्या पायाच्या अंगठ्याला टाचणी टोचली. "दुखतंय?"

"काय?"

मुकादम आला. "वय झालंय त्यांचं. उद्यापासून घरी बसू दे. दुसरी बाई मिळेल."

"वय?" धाकटी ताडकन उठली. "मुंग्या तर माझ्याही बोटांना येतात, भाऊ. माझं कुठं वय झालंय?"

ती स्टुलावर चढली, पुठ्ठा टराटरा फाडला, बटण दाबलं. मी घरघरलो आणि अडकलो. धूळ साचली होती ना.

मुकादम हसला. "तोही संपलाय."

हे मला झोंबलं, मित्रांनो! थोरलीने ब्रशच्या दांड्याने माझं पातं ढोसलं. "फिर की रे, मुडद्या!"

आणि मी फिरलो.

"बंद करा! जोड वाया जातील!" मुकादम ओरडला.

"थोडं थोडं फासू. वेळ लागेल, मुदत वाढवून घ्या," थोरली म्हणाली. "बूट घालायला पाय लागतात, भाऊ. आम्हालाही दोनच आहेत."

खोलीतले सगळे ब्रश खाली ठेवले गेले. मालक आले, ओरडले, शेवटी मुदत वाढली.

थोरली आता चामडं कापायच्या खोलीत बसते. तिचा पाय अजून बधिरच आहे. मी उशिरा फिरलो, हे विसरू नका.

माझं तेलपाणी राहू द्या. घरचं माणूस रोज डोकं धरून कामावरून येत असेल, तर "दमलं असेल" म्हणून सोडून देऊ नका. तिथला पंखा कुणी बंद पाडलाय, ते विचारा. मोठ्याने विचारा.

मुकादमाचा हात अजूनही बटणाकडे वळतो. म्हणून धाकटीने आपलं स्टूल बटणाखालीच मांडलंय.

लाव म्हणावं हात!