ठोंब्याचा पट्टा

मी एक जुना कातडी पट्टा आहे. एक टोक कुत्र्याच्या गळ्याशी आणि दुसरं माणसाच्या मुठीत, असं माझं आयुष्य गेलं. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका बाबांनी मला आपल्या मुलीच्या पांढऱ्या पिल्लासाठी आणलं. कितीही हाका मारा, पिल्लू ढिम्म हलायचं नाही. म्हणून त्याचं नाव पडलं ठोंब्या.

मित्रांनो, ते पहिले महिने आठवले की मला अजून लाज वाटते. बाबा "बस" म्हणायचे आणि तो बसला नाही की मला हिसका द्यायचे. बाबा तसे तापट नव्हते, पण कुत्रं असंच शिकतं, हे त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. तो हिसका ठोंब्याच्या मानेपर्यंत मीच पोचवायचो.

एका दुपारी बाबांनी झोपलेल्या ठोंब्याच्या पाठीवर हात ठेवला. तो दचकून उठला आणि त्यांच्या मनगटाला चावला. मग मात्र हद्द झाली. रविवारी त्याला दूरच्या एका गोदामावर राखणीला सोडायचं ठरलं. मुलगी जेवेना.

शनिवारी बाबांची मोठी बहीण आली. आत्याने कापडगिरणीत वीस वर्षं काढली होती आणि यंत्रांच्या खडखडाटात तिचे कान अर्धे गेले होते. ती बराच वेळ ठोंब्याकडे नुसती बघत बसली. मग त्याच्या पाठीमागे उभं राहून तिने दोन पातेली एकमेकांवर आपटली. ठोंब्याचा कानही हलला नाही.

"अरे, याला ऐकूच येत नाही," ती बाबांना म्हणाली.

बाबा मनगटावरच्या पट्टीकडे बघत राहिले. "आणि मी त्याला हट्टी समजत होतो," ते हळूच म्हणाले.

रविवारचं गोदाम रद्द झालं. गिरणीतल्या गोंगाटात बायका हातवाऱ्यांनीच बोलायच्या. आत्याने ठोंब्याला तीच वाट दाखवली. तळहात खाली म्हणजे बस, तळहात समोर म्हणजे थांब. जमलं की त्याच क्षणी पावाचा तुकडा. झोपेतून उठवायचं तर आधी जमिनीवर पाय आपटायचा, म्हणजे हादरा त्याला कळतो. चालताना तो आपणहून मागे वळून बघायचा, तेव्हाही तुकडा. बाबांचा हात चुकला, तर आत्या त्यांनाच धडा पुन्हा गिरवायला लावायची. महिन्याभरात मी सैल झुलू लागलो. असं सुख मला ठाऊकच नव्हतं!

दोन वर्षांनी एका मोठ्या रस्त्याजवळ माझी शिवण उसवली. माझा एक तुकडा मुलीच्या हातात राहिला आणि ठोंब्या पुढे धावला. समोरून ट्रक येत होता. हाक मारून उपयोग नव्हता. रस्त्याच्या कडेला पोचताच त्याने सवयीने मागे पाहिलं. मुलीने तळहात समोर धरला होता. तो जागच्या जागी थांबला. ट्रक धुरळा उडवत निघून गेला आणि मुलगी त्याच्या गळ्यात पडून रडली.

त्या संध्याकाळी बाबांनी मला स्वतः शिवलं. टाके वेडेवाकडे आहेत, पण अजून टिकून आहेत.

आता ठोंब्या थकलाय. आम्ही हळूहळू कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो. आत्याचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. मित्रांनो, तुमचं कुत्रं ऐकत नसेल, तर माझ्यासारख्याला ओढण्याआधी घटकाभर त्याच्याजवळ बसा आणि त्याला नीट बघा.