वन्संनी जोडलेली गाडी

आमच्या वन्संनी तीस वर्षं लोकांच्या कवळ्या केल्या. दातांच्या डॉक्टरांकडून साचे यायचे, वन्सं त्यावर दात घडवायच्या, घासायच्या, चकचकीत करून परत पाठवायच्या. ज्यांच्या तोंडात ते दात जायचे त्यांना वन्सं कोण हे ठाऊकही नसायचं. डॉक्टर म्हणायचे, "मी बसवले." वन्सं ऐकून घ्यायच्या. मला वाटतं, पुढे स्पर्धेच्या दिवशी त्यांना आलेला राग निम्मा तिथलाच होता.

निवृत्त झाल्यावर त्या आमच्याकडे राहायला आल्या आणि स्वयंपाकघराच्या खिडकीजवळ त्यांचं टेबल लागलं. शेजाऱ्यांची रिमोटवर पळणारी गाडी पायरीवरून पडून फुटली होती, ती त्यांनी सहज जोडून दिली. अशा गाडीची मोटर आणि चाकं खाली वेगळी असतात, वर प्लास्टिकची बॉडी नुसती बसवलेली असते. फुटते ती बॉडी. एकाने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि आमच्या घरी पिशव्यांतून फुटक्या गाड्या यायला लागल्या.

"ताई, माणसांचे दात संपले म्हणून आता गाड्यांचे का?" हे म्हणाले.

"गाड्या टोचतंय म्हणून परत येत नाहीत," वन्सं म्हणाल्या.

पोस्टमनकाका एका पुठ्ठ्याच्या खोक्यातून जे घेऊन आले त्याला गाडी म्हणवत नव्हतं. निवृत्त माणूस, हाडं नि कातडं, आवाज मात्र गल्लीभर. त्यांची तीस वर्षांपूर्वीची गाडी माळ्यावर होती, तिच्यावर ट्रंक पडली. छप्पर मधोमध चिरलेलं, बोनेटचे चार तुकडे, समोरची जाळी अर्धीच, काचेजवळचा डावा खांब गायब. त्यावर कुणीतरी कधीतरी ब्रशने फासलेला हिरवा रंग.

"होईल?" काकांनी विचारलं.

"घाई आहे?"

"छे. आमच्या रिमोट गाड्यांच्या क्लबची स्पर्धा आहे पाच आठवड्यांनी. जुन्या गाड्या दुरुस्त करून मांडायच्या. पण घाई नाही हो."

"ही घाई नव्हे तर काय!" असं म्हणून वन्संनी खोकं ठेवून घेतलं.

पाच आठवडे आमची फोडणी आणि त्यांचा पॉलिश पेपर एकाच खोलीत नांदले. त्यांनी हिरवा रंग उतरवला. त्याच जातीच्या प्लास्टिकचा चुरा द्रावणात विरघळवून दाट खीर केली आणि ती दाताच्या कोरणीने चिरांमध्ये भरली. जाळीच्या शाबूत अर्ध्याचा साचा घेऊन उरलेली अर्धी ओतली. डावा खांब मात्र उजव्याकडे बघत बघत हाताने कोरला. तीनदा कोरला, दोनदा फेकला. मग खाचा बुजवायला लांबी, घासणं, प्रायमर, पुन्हा घासणं. शेवटी बाहेरून काकांना हवा होता तो पिवळा, आतून काळा. मी बोट फिरवलं तर चीर कुठे होती ते मला सापडेना. मी डोळ्यांनी पाहिली होती तरी!

स्पर्धेला वन्सं, काका आणि मी असे तिघं गेलो. क्लबच्या हॉलमध्ये लांबलचक टेबलं, त्यावर गाड्या, प्रत्येकीपुढे चिठ्ठी. क्लबचे अध्यक्ष हातात भिंग घेऊन फिरत होते. पिवळ्या गाडीपाशी थांबले, उचलून आत पाहिलं, पुन्हा बाहेरून पाहिलं आणि कुणाला काही न विचारता माइकपाशी गेले.

"अकरा नंबरची गाडी अपात्र. ही जुनी बॉडी नाही. कंपनीने हीच पुन्हा काढलीय, ती विकत आणून रंगवलेली आहे. सभासदांनी असले प्रकार करू नयेत."

सगळ्या हॉलने माना वळवल्या. काकांचा चेहरा पांढराफटक पडला. वन्सं सरळ अध्यक्षांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"ही मी जोडलीय."

"ताई, मी वीस वर्षं गाड्या बघतोय. घरच्या घरी एवढं सफाईदार होत नसतं. आणि आतून काळा रंग कशाला? लपवायलाच ना?"

मी पुढे होऊन फोनमधले फोटो दाखवले. तुकड्यांचे, अर्ध्या जाळीचे, सगळे.

"फोटो काय, दुसऱ्याच गाडीचे असतील." मग ते मोठं मन केल्यासारखे हसले. "एवढं असेल तर छपरावरचा रंग घासून काढा. खाली जोड दिसला तर मी मान्य करतो."

कुणीतरी पॉलिश पेपरचा तुकडाही आणून दिला. वन्संनी काकांकडे पाहिलं. काकांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "घासा, ताई. तुमच्यावर आळ नको."

वन्संनी पेपर छपरावर टेकवला. मला त्यांचं मनगट दिसत होतं. मग त्यांनी पेपर उचलला आणि अध्यक्षांच्या हातात दिला.

"नाही घासणार. खोटं बोलता तुम्ही आणि काम मोडायचं मी? चांगलं झालं हा माझा गुन्हा? वाईट केलं असतं तर बक्षीस दिलं असतंत! आळ तुम्ही घेतलात, पुरावा तुम्ही आणा. नवी बॉडी कुठेतरी मिळत असेल ना? आणा आणि ठेवा शेजारी."

अध्यक्ष काही बोलायच्या आत दाराशी स्टॉल लावलेला दुकानदार म्हणाला, "माझ्याकडे आहे एक." त्याने खोकं फोडून नवी कोरी बॉडी टेबलावर ठेवली. भोवती गर्दी झाली. नवीचं प्लास्टिक पातळ होतं, बोटाने दाबलं तर लवत होतं. शिवाय ती चाकांवर बसवायला मागे दोन भोकं होती. आमच्या पिवळीला एकच, मधोमध.

"भोकं काय, बुजवून दुसरं पाडता..." अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी भिंग खिशात घातलं.

"हं, बोला की," वन्सं म्हणाल्या. "घरच्या घरी एवढं सफाईदार होत नसतं ना?"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. अध्यक्ष लाल झाले. "ठीक आहे. संशयाचा फायदा देतो. गाडी राहू द्या स्पर्धेत."

"फायदा नको मला. माइकवर सांगा, चुकलं म्हणून."

"एवढ्याशा गोष्टीला माइक?"

"खोटारडी म्हणायला माइक लागला तेव्हा एवढीशी नव्हती गोष्ट!"

आणि त्या माइकजवळच्या खुर्चीवर बसल्या. बक्षिसं वाटायची होती, पाहुणे घड्याळ बघत होते. चिटणीस येऊन म्हणाले, "मी सांगतो ना त्यांच्या वतीने." वन्सं म्हणाल्या, "तुम्ही काही म्हणाला नव्हतात." वीस मिनिटं गेली. शेवटी अध्यक्ष आले, माइक धरला आणि एका दमात, "अकरा नंबरबद्दल माझी चूक झाली, गाडी दुरुस्त केलेलीच आहे," असं म्हणून बाजूला झाले. टाळ्या फारशा वाजल्या नाहीत. दुकानदाराने वाजवल्या, मी वाजवल्या.

वन्संनी टेबलावरून गाडी उचलली आणि क्रमांकाची चिठ्ठी काढून ठेवली. "यांच्या हातून नको बक्षीस. काका, चालेल ना?"

"पळेल!" काका म्हणाले. त्यांचा आवाज परत आला होता.

बाहेरच्या मोकळ्या आवारात काकांनी पिशवीतून मोटर आणि चाकं काढली, वर पिवळी बॉडी बसवली आणि आम्ही काही म्हणायच्या आत रिमोट दाबला. गाडी सुसाट सुटली, वळली आणि सिमेंटच्या कठड्याला जाऊन धडकली. बोनेटवर बोटभर ओरखडा.

"पाच आठवडे!" वन्सं ओरडल्या. अध्यक्षांवरही इतक्या ओरडल्या नव्हत्या. "पाच आठवडे घासलंय मी ते! शोकेसमध्ये ठेवायची अक्कल नाही?"

"गाडी आहे हो, ताई," काका पडेल चेहऱ्याने म्हणाले. "पळवणारच ना."

वन्संनी गाडी त्यांच्या हातातून हिसकावली, ओरखड्यावर अंगठा फिरवला. घरी येईपर्यंत गाडी त्यांच्या मांडीवरच होती आणि अंगठा त्या ओरखड्यावरून हलला नव्हता.