पाटी कोणाच्या दारावर

आमच्या घरात चार बिऱ्हाडं आणि एक पाटी. लाकडाची, दोरी ओवलेली, ‘झाडलोटीचा आठवडा’ असं रंगवलेली. रविवारी संध्याकाळी आपलं काम आटपलं की ती पुढच्या बिऱ्हाडाच्या दाराच्या मुठीला अडकवायची आणि मुकाट्यानं घरात जायचं. बेल वाजवायची नाही, काही सांगायचं नाही. सोमवारपासून जिना, तळघर, फुटपाथ सगळं त्याचं. हिवाळ्यात सकाळी सातच्या आत बर्फ खरवडून खडी टाकलेली पाहिजे. मीठ नाही, त्याला नगरपालिकेची मनाई. एकतीस वर्षं मी या नियमानं वागले आणि बाकीच्यांनाही वागायला लावलं. आमच्या श्वाबेनात, जर्मनीच्या या दक्षिण कोपऱ्यात, अशा बाईला कोणी नावं ठेवत नाही.

माझ्याकडून पाटी जायची समोरच्या सेन्का मारिचकडे. क्रोएशियाची, चाळिशीची, एकटी. वृद्धाश्रमात नर्स होती, बहुतेक रात्रपाळी. पहिल्या हिवाळ्यात तिनं एकदा सात वाजून वीस मिनिटांनी खडी टाकली. मी तिच्या दाराला चिठ्ठी लावली. माफी मागायला आली तेव्हा तिला म्हटलं, “अहो, इथे सगळं साधं असतं. पाटी ज्याच्या दारावर, फुटपाथ त्याचा. झोप, ताप, पाहुणे, काही म्हणजे काही चालत नाही.” तिनं मान हलवली. त्यानंतर रात्रपाळी करून आल्यावर ती आधी फुटपाथ करायची आणि मग झोपायची.

माझा नवरा एर्विन मऊ स्वभावाचा. जन्मभर बस चालवली, पण कधी कोणावर ओरडला नाही. एकदा तिच्या आठवड्यात त्यानं फावडं हातात घेतलं, तर मी चार दिवस त्याच्याशी धड बोलले नाही. दुसऱ्याच्या आठवड्यात हात घालणं म्हणजे त्याला चारचौघांत आळशी म्हणणं. शिवाय आम्हा बीलमायरांना दुसरा उद्योग नाही असं दिसतं ते वेगळंच. एर्विन म्हणाला, “तुझं बरोबर असेल गं, पण ती बिचारी रात्रभर म्हाताऱ्यांना उचलते.” मी म्हटलं, “पगार घेते ना?” असं मी म्हटलं होतं.

जानेवारीतला तो सोमवार. पाटी आदल्या संध्याकाळीच मी सेन्काच्या दारावर अडकवली होती. पहाटे पाऊस झाला आणि पडता पडता गोठला. साडेसहाला सेन्का कामावरून आली, एकेक पाऊल टाकत, कुंपणाला धरून. एर्विन तेव्हा पेपर आणायला खाली गेला होता. वर आला, काही बोलला नाही. मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी कॉफी घेऊन उभी राहिले. सात वाजले. फुटपाथ तसाच, चकचकीत. खरं सांगते, मला मजा येत होती.

“बघ, सात वाजून पाच,” मी म्हटलं. “तुझ्या सेन्काबाई घोरतायत.”

“टाकतो की मूठभर खडी. माझे काय हात झिजतायत?”

“हात लावून तर बघ. आठवडा कोणाचा?”

“तिचा.”

“मग? कीन्त्सलेला खाली उतरू दे. त्याच्याही डोळ्यांना दिसू दे एकदा.” कीन्त्सले वरच्या मजल्यावरचा, घरमालकाच्या वतीनं आठवड्यांची यादी तोच ठेवतो.

“आणि तोच पडला तर?”

“पडला तर यादीत नाव आहेच कोणाचं तरी.”

एर्विन हसला. “तू म्हणजे ना, चौकीवर बसायला हवी होतीस.” मग कापडी पिशवी घेतली. “पाव घेऊन येतो. जाता जाता तळघरात बॉयलर बघतो, कुरकुरतोय.”

“कडेनं जा,” मी म्हटलं. म्हणजे घसरतं आहे हे मला पुरतं ठाऊक होतं. मी वळून अंडी उकडत ठेवायला गेले, तेवढ्यात बाहेर आवाज आला. मोठा नव्हता. पोतं टेकवावं तेवढाच.

डोकं मागून फुटलं होतं. मी नुसत्या चपलांवर धावले. त्याचे डोळे उघडे होते, पण तो मला बघत नव्हता. चौथ्या दिवशी तो इस्पितळातच वारला. त्याचे कपडे आणि ती पिशवी माझ्या हातात दिली. पिशवी जड लागली म्हणून उघडली, तर आत खडी. तळघरातल्या पोत्यातली, चार-पाच मुठी. बॉयलरला काहीच झालं नव्हतं. मी खिडकीतून हलायची वाट बघत माझा नवरा खाली दाराआड उभा राहिला होता. बेचाळीस वर्षं संसार केला माझ्याशी, आणि मूठभर खडी त्याला पावाच्या पिशवीतून चोरून न्यावी लागली. कुठे तोंड लपवू मी?

दफन झालं आणि पोलीस आले. पहिला प्रश्न एकच, आठवडा कोणाचा? कीन्त्सलेनं यादी पुढे केली. मारिच. निष्काळजीपणानं मृत्यू, असं प्रकरण सेन्कावर झालं. शिक्षा झाली तर नर्सची नोकरी गेलीच. जिन्यात सगळे तिच्याकडे पाठ करायला लागले आणि माझ्यासाठी केक आणून ठेवायला लागले.

मी तिचं दार वाजवलं. दोन वर्षांत पहिल्यांदा. ती कामाच्याच कपड्यांत होती, चेहरा पार ओढलेला.

“त्या सकाळी एर्विन तुम्हाला जिन्यात भेटला होता का?” मी विचारलं.

तिनं मला आत नेऊन खुर्चीवर बसवलं. मग म्हणाली, “भेटले. मी फावडं घ्यायला चालले होते. म्हणाले, पोरी, तुला उभं राहवत नाहीये, जा झोप, मी टाकतो खडी. मी ऐकायला नको होतं.”

“मग हे पोलिसांना का नाही सांगितलं?”

“ते गेले, फ्राउ बीलमायर. आता त्यांच्यावर ढकलू? पाटी माझ्या दारावर होती. तुम्हीच म्हणाला होतात, काही म्हणजे काही चालत नाही.”

माझे शब्द, माझ्याच सुरात. मी तशीच उठले, कोट चढवला, पोलीस चौकीत गेले. तिथल्या अधिकाऱ्याला सगळं सांगितलं. खडी टाकायचं एर्विननं सेन्काकडे कबूल केलं होतं, तो जायला निघाला होता, मी अडवलं. पिशवी टेबलावर ओतून दाखवली. त्यानं मला पाणी दिलं.

“जिन्यातलं बोलणं तुम्ही स्वतः ऐकलंत?”

“नाही. पण मी त्याला अडवलं, हे तर माझंच आहे ना? ते लिहा.”

“बाई, अडवणं हा गुन्हा नाही,” तो समजावणीच्या सुरात म्हणाला. “तुमचा आठवडाच नव्हता. आणि मारिचबाईंनी स्वतः जबाबात सांगितलंय, त्या सकाळी कोणाशी काही बोलणं झालं नाही.”

मी कीन्त्सलेला सांगितलं. तो म्हणाला, “धक्का बसलाय तुम्हाला. पण तिलाच वाचवायला निघालात, मन मोठं हो तुमचं.” मालकाला फोन केला. तो म्हणाला, “नियम नियम असतो, हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक?” एकतीस वर्षं खपून मी या घराला एक गोष्ट शिकवली होती, आणि ती सगळ्यांना नीट पाठ झाली होती.

शेवटी पुन्हा सेन्काकडे गेले. उंबऱ्यातच म्हटलं, “ऐका. तो खडी टाकायला निघाला होता. मी त्याला सोडलं नाही. तुमची फजिती बघायची होती मला, म्हणून. तो माझ्यामुळे गेला.”

तिनं माझे दोन्ही हात धरले. तिचे हात औषधी साबणानं फुटलेले होते.

“माझ्यासाठी खोटं बोलू नका हो,” ती म्हणाली. “ते मला सांगायचे, माझी बायको तोंडानं फटकळ आहे, पण मनानं लोणी. मला तेव्हा खरं वाटलं नव्हतं.”

आणि ती मला बिलगून रडली. मी पुन्हा बोलायला हवं होतं, तिला धरून हलवायला हवं होतं. पण एर्विन माझ्याबद्दल असं म्हणायचा हे ऐकून मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की तोंडच उघडेना.

थोड्या वेळानं तिनं डोळे पुसले, मला आत नेलं आणि टेबलावरचा एक कागद माझ्यापुढे सरकवला. सरकारी वकिलाला लिहिलेलं पत्र होतं. चूक सर्वस्वी माझी, आठवडा माझा होता, मी झोपले, होईल ती शिक्षा मान्य. उद्या टाकायचं होतं.

“माझं जर्मन कच्चं आहे,” ती म्हणाली. “एकदा नजर घालाल का?”

मी चष्मा लावला. दोन ठिकाणी व्याकरण चुकलं होतं, ते दुरुस्त करून दिलं.