सत्तावन्नावा अंक

दुपारच्या सुट्टीत पॉलिशवाल्याने मोबाईल पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केला आणि म्हणाला, "ताई, या माणसाला ऐका जरा. अगदी तुमच्यासारखं बोलतो."

ताई कवळ्या बनवायची. एकवीस वर्षं त्याच प्रयोगशाळेत, त्याच खिडकीपाशी; तिच्या कवळ्या मशीनवर घासून चकचकीत करायचा तो हा पॉलिशवाला. दातांच्या डॉक्टरांकडून अनोळखी जबड्यांचे प्लास्टरचे साचे यायचे, त्यांवर ती मेणाची हिरडी चढवायची आणि एकेक दात रोवत जायची. तिने बसवलेली कवळी तोंडात हलत नाही असा तिचा लौकिक होता. स्वतःच्या तोंडाने मात्र ती कुणाची गय करत नसे. मालकसुद्धा तिच्या टेबलाजवळून जाताना उगीच खाकरून, आपण येतोय हे कळवून मग जायचे. ती हसून बोलायची ते एकाच विषयावर. टिटवीवर.

टिटवी म्हणजे तिच्या लहानपणची चित्रकथा. दिवसा घड्याळं दुरुस्त करणारी एक साधी बाई संध्याकाळी काळा मुखवटा चढवून गुंडांच्या मागे लागते, अशी. छप्पन्न अंक निघाले आणि मासिक बंद पडलं. ते छप्पन्नही अंक ताईकडे होते, कपाटात, कापडात गुंडाळून. आता तीस वर्षांनी कुणाला तरी जाग आली होती आणि टिटवीची मालिका सुरू झाली होती. सोमवार ते शुक्रवार, संध्याकाळी साडेसात. पॉलिशवालाही ती बघायचा, म्हणून रोज दुपारी त्याला आदल्या दिवशीच्या भागावर ताईचं प्रवचन फुकट मिळायचं.

तिने मोबाईलकडे पाहिलं. पडद्यावर तिचा धाकटा भाऊ होता.

मागच्या भिंतीवर तिच्या कपाटातले अंक दोरीला चिमटे लावून टांगले होते. धुतलेले मोजे वाळत घालावेत तसे. आणि तो सांगत होता, "मालिकावाल्यांना एक कळलंच नाही. टिटवी शूर आहे म्हणून मुखवटा घालत नाही. तिच्याकडे कुणी बघत नाही म्हणून घालते."

हे वाक्य ताईचं होतं. काल संध्याकाळी, हातात घास तसाच धरून, टीव्हीकडे बघत ती हे बोलली होती. धाकटा तेव्हा मान खाली घालून जेवत होता आणि भावजय म्हणाली होती, "ताई, जेवा आधी, गार होतंय."

"भारी आहे ना?" पॉलिशवाला म्हणाला. "पडदाफाड नाव आहे याचं. लाखभर लोक बघतात. लहानपणी एकेक अंक जमवायला बिचारा किती वणवण करायचा म्हणे."

"हो का," ताई म्हणाली.

तिने डबा बंद केला. हा आपला भाऊ आहे हे सांगितलं नाही. धाकटा मोबाईलवर काहीतरी बोलून व्हिडिओ टाकतो एवढं तिला ठाऊक होतं, पण तो तर मोबाईलच्या कव्हरांविषयी बोलतो असं त्याने सांगितलं होतं, आणि असलं बघायला तिला वेळही नव्हता. त्या दुपारी मात्र ती पॉलिशवाल्याचा मोबाईल घेऊन स्वच्छतागृहात गेली आणि उभ्या उभ्या नऊ व्हिडिओ पाहून आली. नवांतले नऊ तिचे. तिचे विनोद, तिचे टोमणे, एका ठिकाणी तर बोलताना जिभेने 'च्' करायची तिची खोडसुद्धा. वणवण कसली? दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी बसस्थानकाच्या टपरीपर्यंत ती चालत जायची आणि हा पाच वर्षांचा कार्टा त्या अंकांची होडी करायला टपलेला असायचा.

दुसरी एखादी असती तर घरी जाऊन भांडली असती. ताई भांडायला कधी घाबरली नव्हती. पण भांडण केलं की धाकटा रडवेला होतो, भावजय मध्ये पडते आणि शेवटी ताईचीच जीभ तिखट ठरते, हा आजवरचा अनुभव. तिला त्याचे दात त्याच्याच घशात घालायचे होते, आणि तेही लाखभर लोकांसमोर.

त्या संध्याकाळी जाहिराती लागल्यावर ती सहज बोलल्यासारखी बोलली. "सत्तावन्नावा अंक कुणी पाहिलाच नाही, त्याचं वाईट वाटतं."

धाकट्याचा हात थांबला. "सत्तावन्नावा?"

"छापला होता. वाटला गेला नाही. एकच गठ्ठा आपल्या बसस्थानकावर आला आणि दुसऱ्या दिवशी परत नेला. मी टपरीपाशी उभी राहून वाचला होता."

"काय होतं त्यात?"

इथवरच तिने ठरवलं होतं. पुढचं तिला त्याच क्षणी सुचलं. "टिटवी शेवटी त्या खलनायकासमोर येते आणि स्वतःच्या हाताने मुखवटा काढते. आणि तो तिला ओळखतच नाही. रोज तिच्याकडे घड्याळाला चावी द्यायला येणारा माणूस. विचारतो, तू कोण? तिचा चेहरा त्याने कधी बघितलेलाच नसतो."

भावजयीने टीव्हीचा आवाज कमी केला.

"बाप रे," धाकटा म्हणाला.

ताईचा बेत सरळ होता. हा गाढव ते सगळं व्हिडिओत ओकणार. छप्पन्नाव्या अंकाच्या मागच्या पानावर मोठ्या अक्षरात छापलंय, 'हा आमचा शेवटचा अंक. वाचकहो, निरोप घेतो.' ते पान कुणीतरी पुढे करणार आणि पडदाफाडचाच पडदा टराटरा फाटणार.

निम्मं अगदी तसंच झालं. तिसऱ्या दिवशी व्हिडिओ आला. आठवड्याभरात कुठल्याशा निवृत्त शिक्षकाने त्या मागच्या पानाचा फोटो टाकला. आणि लोक त्या शिक्षकावरच तुटून पडले. खोटारडा म्हटलं, जळकुटा म्हटलं. एकाने लिहिलं की सत्तावन्नावा अंक त्याच्या मामाकडे होता. दुसरीने लिहिलं, तिने तो वाचनालयात वाचलाय, मुखपृष्ठ निळं होतं. चित्रकार कधीच वारला होता, प्रकाशनाला टाळं लागलं होतं. नाही म्हणायला कुणी उरलंच नव्हतं. तो शिक्षक दोन दिवस हुज्जत घालून गप्प झाला.

"ताई, ऐकलंत का?" पॉलिशवाल्याने बातमी आणली. "मालिकेचा शेवट त्या सत्तावन्नाव्या अंकावर करणार आहेत. पडदाफाडला बोलावलंय त्यांनी सल्लागार म्हणून."

तिच्या हातातली हिरडी वाकडी झाली. तिने ती सगळी वितळवून पुन्हा लावली.

त्या संध्याकाळी तिने टीव्ही लावलाच नाही. धाकटा आला तशी ती म्हणाली, "तुझे सगळे व्हिडिओ पाहिलेत मी."

तो बसला. घाबरला नाही, याचंच तिला नवल वाटलं. "कधीतरी बघशील, असं वाटलंच होतं."

"सत्तावन्नावा अंक नाहीये. मी रचला तो. तुला तोंडघशी पाडायला."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"मागच्या पानावर निरोप आहे ना, ताई. तूच वाचून दाखवला होतास आणि रडली होतीस. मी सात वर्षांचा होतो, तरी आठवतंय मला." तो बुटाची नाडी सोडत होता. "पण गोष्ट चांगली होती. फुकट कशाला घालवायची?"

"माझी होती!"

"मग सांगायची होतीस कुणाला तरी. वर्षानुवर्षं तू भिंतीशी बोलल्यासारखी बोलतेस. मी ऐकलं. दुसऱ्या कुणी ऐकलं?"

"ऐकलं? आयत्या बिळावर नागोबा झालास आणि वर म्हणतोस ऐकलं?"

भावजय स्वयंपाकघरातून बाहेर आली. "ताई, त्यांना आत्ता कुठे चार माणसं ओळखायला लागलीत. तुम्हाला बघवत नाही का?"

"नाही बघवत," ताई म्हणाली. "चोराची पूजा मांडलेली मला नाही बघवत."

त्यानंतर तिघं एकाच घरात राहिली, पण एकत्र जेवायला बसली नाहीत. ताईने कपाटाला कुलूप घातलं. भावजयीने टीव्हीचा रिमोट आपल्या खोलीत नेला. बाथरूमसमोर गाठ पडली तर दोघी एकमेकींना आधी जाऊ देत, ते प्रेमाने नव्हे. आधी कुणी बोलायचं हा प्रश्नच नको म्हणून.

पंधरा दिवसांनी एका वाहिनीवर संध्याकाळी सहाला थेट कार्यक्रम होता. मालिकेची नायिका, लेखक आणि पडदाफाड. प्रेक्षकांनी फोन करायचे. ताई प्रयोगशाळेतच थांबली. पॉलिशवाला मोबाईलवर कार्यक्रम बघत होता. तिने त्याच्यासमोरच नंबर लावला. पाऊण तास ताटकळल्यावर लागला.

"बोला ताई, काय विचारायचंय?" निवेदिका गोड आवाजात म्हणाली.

"विचारायचं नाही, सांगायचंय. सत्तावन्नावा अंक कधी निघालाच नाही. ती गोष्ट माझी आहे. मी जेवताना रचली, माझ्या भावाला फसवायला. तो तुमच्या डाव्या हाताला बसलाय."

पॉलिशवाल्याच्या हातातली कवळी टेबलावर पडली.

स्टुडिओत कुणीतरी हसलं. निवेदिका म्हणाली, "अच्छा! पण काही पुरावा?"

"जे नव्हतंच त्याचा पुरावा कुठून आणू? त्याला विचारा. त्याला माहीत आहे."

सगळे पडदाफाडकडे वळले. धाकट्याचा चेहरा कॅमेऱ्यात मोठा झाला. लहानपणी अंक फाडल्यावर व्हायचा तसा रडवेला होईल, असं तिला क्षणभर वाटलं. त्याने मान एका बाजूला कलती केली आणि अगदी हळुवार, काळजीच्या आवाजात विचारलं, "ताई, आज औषध घेतलंस का?"

ताई कसलंही औषध घेत नव्हती. आयुष्यात तिने तापाच्या गोळ्यांपलीकडे काही घेतलं नव्हतं. ती "काय?" म्हणाली, पण तेवढ्यात फोन कापला गेला. पडद्यावर निवेदिका छातीवर हात ठेवून म्हणत होती, "किती समजूतदार भाऊ."

पॉलिशवाल्याने मोबाईल पालथा घातला. बराच वेळ तो टेबलावरची कवळी उगाचच पुसत राहिला.

"तो भाऊ आहे तुमचा?"

"हो."

"आणि ते सगळं तुमचं?"

"तूच तर म्हणालास, माझ्यासारखं बोलतो."

"मला वाटलं, तुम्ही त्याचं बघून बोलता," तो म्हणाला आणि ओशाळला.

घरी आल्यावर काय झालं ते शेजाऱ्यांनी दारं उघडी ठेवून ऐकलं. ताईने त्याला विचारलं, सख्ख्या बहिणीला वेडी ठरवताना जीभ झडली नाही का? तो म्हणाला, तू फोन केलास, मी नाही. मला तिथे दुसरं काय सुचणार होतं? ती म्हणाली, तुला स्वतःचं कधी काही सुचलंय का? त्यावर धाकट्याने पहिल्यांदाच आवाज चढवला. ती कोणत्याही माणसाला घरात श्वास घेऊ देत नाही, म्हणून एकटी राहिलीय, असं तो बोलला. ताईने हातातली पिशवी त्याच्या अंगावर फेकली. डबा फरशीवर आपटून उघडला आणि झाकण गरगरत कॉटखाली गेलं. महिन्याच्या आत धाकटा आणि भावजय भाड्याच्या घरात गेली. जाताना भावजयीने पायरीवर वळून म्हटलं, "बघा आता टीव्ही, किती बघायचा तो." रिमोट ती कट्ट्यावर ठेवून गेली होती, आतले सेल काढून.

मालिकेचा शेवटचा भाग ताईने एकटीने पाहिला. नायिकेने मुखवटा काढला. खलनायक तिच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "तू कोण?" पार्श्वसंगीत थांबवलं होतं. नायिकेने चांगलं केलं होतं, फारच चांगलं, उगाच रडली नाही की काही नाही. ताईच्या डोळ्यांना पाणी आलं, आणि त्या पाण्याचाच तिला सगळ्यात जास्त संताप आला. मग नावं वर सरकू लागली. 'कथाकल्पना' या शब्दापुढे धाकट्याचं पूर्ण नाव होतं, वडिलांच्या नावासकट.

दुसऱ्या दिवशी पॉलिशवाल्याने विचारलं, "पाहिलंत?" ती म्हणाली, "पाहिलं," आणि पुढे एक शब्द बोलली नाही. आपलं बोलणं हल्ली ती बाहेर काढतच नव्हती. पॉलिशवाल्याने एकदा सुचवून पाहिलं होतं, की तुम्हीच व्हिडिओ करा, मी धरतो मोबाईल. तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो मुकाट आपल्या मशीनकडे गेला.

दोन महिन्यांनी एका रविवारी सकाळी धाकटा दारात उभा राहिला. चांगले कपडे, नवा चष्मा. आत येऊ का असं त्याने विचारलं नाही, तिनेही ये म्हटलं नाही.

"टिटवीचं प्रदर्शन भरवतायत," तो म्हणाला. "मूळ अंक हवेत त्यांना. काचेच्या पेटीत ठेवतील. खाली तुझं नाव लिहायला सांगतो."

"नको."

"ताई, कपाटात कुजतायत ते. तुझ्यानंतर वाचणार कोण आहे?"

"नंतरचं नंतर," ती म्हणाली. "आत्ता मी वाचतेय."

"असं का वागतेस? मी भांडायला आलो नाहीये."

"मी आहे ना भांडायला."

तो हसला. तिच्या अशा बोलण्यावर तो लहानपणापासून हसायचा. मग त्याचे ओठ किंचित हलले, वाक्य तोंडात घोळवून बघावं तसे. ताईने ते पाहिलं. तिने दार लावून घेतलं, आणि तो जिना उतरून गेल्याचं ऐकू येईपर्यंत कडीवरचा हात काढला नाही.