राऊनचं नाव

दुपारी बाळाला पाजता पाजता आल्दीसचा डोळा लागला आणि राऊन तिसऱ्यांदा आली. ही तिची नणंद जाऊन वर्ष झालं होतं. होडी उलटली, देह काही सापडला नाही. आताही तिच्या केसांतून पाणी निथळत होतं. पलंगाच्या पायथ्याशी बसून ती बाळाकडे बघत राहिली.

आल्दीस दचकून उठली. मेलेलं माणूस स्वप्नात येऊन काय मागतं, हे आइसलँडच्या त्या खाडीकाठी पोरासोरांनाही ठाऊक होतं. बाळाला आपलं नाव द्या, असं ते मागतं. दिलं नाही, तर बाळाचं काही खरं नाही.

पण द्यावं तरी कसं? राऊन या शब्दाचा अर्थच लूट. राऊन म्हणजे समुद्राची ती जुनी देवी, बुडत्यांना जाळ्यात ओढून नेणारी. इंग्वार चार दिवस समुद्रावर होता. नवरा तिकडे असताना घरात रोज तिला हाक मारायची? बाप्तिस्मा उद्यावर आला होता. तोवर नाव कुणाला सांगायचं नाही, अशी रीत. आल्दीसने मनात ह्लीन ठरवलं होतं. तीही देवीच, पण सांभाळणारी.

शेवटी तिने सासूला सांगितलं. गुद्नी दगडावर सुका मासा ठेचत होती. तिची हातोडी थांबली.

"तिन्ही वेळा तीच?"

"तीच. आई, तुम्ही हे नाव ठेवलंत तरी कसं?"

"तिच्या बापाची हौस. पूर्वी म्हणे वादळात सापडलेले लोक खिशात सोनं ठेवायचे, देवीच्या घरी रिकाम्या हाताने जायला नको म्हणून. हा म्हणाला, आपण तिचं नावच ठेवू, मग ती पोरीला हात लावणार नाही. शहाणी माणसं आम्ही."

"मग मी काय करू?"

"मला विचारू नकोस. मी एकदा चुकलेय." हातोडी पुन्हा उचलत गुद्नी म्हणाली, "चिडलेली दिसत होती का?"

"नाही. घाबरल्यासारखी."

"अंधाराला भ्यायची. शेळपट नुसती. होडीवर चढली की मात्र शेखी मिरवायची." गुद्नीने तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी वारा सुटला. इंग्वारची होडी आली नव्हती. पाद्रींनी पाण्याच्या वाडग्यावर हात धरला आणि विचारलं, "नाव?"

ह्लीन अगदी ओठांवर होतं. पण पलंगाच्या पायथ्याशी बसलेली, अंधाराला भिणारी ती पोर डोळ्यांपुढून हलेना.

"राऊन," ती म्हणाली.

खोलीत कुणी हललं नाही. पाणी डोक्यावर पडताच बाळाने टाहो फोडला. वर्षभरात जिच्या तोंडून हे नाव निघालं नव्हतं, ती गुद्नी पुढे झाली आणि तिने बाळाला छातीशी घेतलं.

"उगी गं राऊन. मी आहे ना इथे."

आल्दीस खिडकीपाशी गेली. होड्यांचा धक्का अजून रिकामाच होता.