गालिचा धुणारा माणूस

मागच्या वर्षी उज्वलाची नोकरी गेली आणि झोप उडाली, तेव्हापासून तिला मोबाइलवर गालिचे धुण्याचे व्हिडिओ पाहायची सवय लागली होती. चिखलानं काळाकुट्ट झालेला गालिचा, त्यावर पाण्याचा फवारा, फेस, आणि मग हळूहळू उमटत जाणारी नक्षी. पाहता पाहता छातीवरचं ओझं थोडं उतरायचं. तिच्या सासूबाई, कुसाबाई, मात्र वैतागायच्या. "दुसऱ्याची सतरंजी धुतलेली काय बघत बसती गं?"

त्या मंगळवारी सकाळी तिचा नवरा शेखर सिन्नरला कंपनीत गेला होता. कुसाबाई आतल्या खोलीत पलंगावर लसूण सोलत होत्या. उज्वला त्यांची बीपीची गोळी घेऊन आत आली, तोच गल्लीत ओरडाआरडा झाला. पाठोपाठ हॉलमध्ये काहीतरी धाडकन पडलं.

तिनं दारातून डोकावलं. सोफ्यामागून ठिपक्यांचं शेपूट हललं.

तिनं दार लोटून कडी घातली. कडीचे स्क्रू कधीचे ढिले झाले होते. पलंग आडवा लावायचा तर फरशीवर घासणार, आवाज होणार. खिडकीला जाळी. ती दाराला पाठ लावून खाली बसली आणि शेजारच्या दीपकला फोन लावला.

"वहिनी, आम्ही पाहिलंय," तो दबक्या आवाजात म्हणाला. "वनखात्याची गाडी येतेय. काही झालं तरी आवाज करू नका."

पण कुसाबाईंचा श्वास भात्यासारखा चालू झाला होता. त्यांच्या डोळ्यांपुढे माहेरच्या गोठ्यातून बिबट्यानं ओढत नेलेली कालवड उभी असणार. त्यांच्या तोंडून बारीक कण्हणं निघालं, ते वाढू लागलं. उज्वलानं ओठांवर बोट ठेवलं. उपयोग होईना. दारापलीकडे नखं फरशीवर टकटकली.

तिनं खुणेनं सासूबाईंना जवळ बसवलं. दुसरं काही सुचलं नाही म्हणून मोबाइलचा आवाज पूर्ण बंद केला आणि एक व्हिडिओ लावून त्यांच्यासमोर धरला.

पडद्यावर एक माणूस रबरी बूट घालून गालिच्यावर पाणी सोडत होता. काळं पाणी वाहत होतं. कुसाबाई पाहत राहिल्या.

"किती मळलंय," त्या पुटपुटल्या.

"हं."

"कोपरा राहिला बघ त्याचा."

कण्हणं थांबलं होतं. श्वासही जरा खाली आला होता.

एवढ्यात दाराच्या फटीतून हुंगल्याचा आवाज आला. गरम, उग्र वास आला. दार हलकेच आत दाबलं गेलं, आणि कडीचा एक स्क्रू टिणकन फरशीवर पडला. उज्वलाचा अंगठा पडद्यावर टेकला आणि व्हिडिओ थांबला. कुसाबाईंनी आपलंच बोट टेकवून तो पुन्हा चालू केला. मग त्यांनीही दाराला पाठ लावली आणि पलंगाच्या पायाला तळवे रोवले.

बाहेर फट्ट असा आवाज झाला. पुढच्याच क्षणी सगळं दार हादरलं. कडी निखळून पडली. गुरगुरणं थेट पाठीच्या मणक्यात शिरलं. कुसाबाईंनी उज्वलाचं मनगट नखं रुतेपर्यंत धरलं होतं, पण तोंडातून आवाज काढला नाही. दोघी नुसत्या रेटत राहिल्या.

हळूहळू पलीकडची धडपड मंदावली, आणि थांबली.

"ताई, अजून दार उघडू नका. बेशुद्धीचं इंजेक्शन मारलंय त्याला," वनखात्याच्या माणसानं बाहेरून सांगितलं. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "या आता."

हॉलमध्ये जाळ्यात बिबट्या निपचित पडला होता. कुसाबाई वाकून पाहत म्हणाल्या, "लय वाळलाय गं. पोटात काय नसंल त्याच्या."

तेव्हा कुठे उज्वलाला रडू फुटलं. कुसाबाईंनी तिला पायरीवर बसवलं. दीपक मोबाइल पुढे करत आला. "काकू, बघा, तुमच्या हॉलमधला बिबट्या. खिडकीतून सगळं शूट केलंय."

"ठेव तो. आत्ता नको," कुसाबाई म्हणाल्या.

शेखर धापा टाकत पोचला आणि काय झालं, काय झालं, विचारू लागला. उज्वला डोळे पुसत होती.

"मी घाबरले व्हते," कुसाबाईंनीच सांगितलं. "ही नाय. दाराला पाठ लावून बसली ती बसलीच. जागची हललीसुद्धा नाय."