राणी रंगाची साखळी

निरंजनचं तोंड पुरतं उघडत नाही, हे पहिल्यांदा कळलं ते दापोडीतल्या पाणीपुरीच्या गाडीवर. पुरी काही केल्या आत जाईना. दातांना अडून ती फुटली आणि सगळं पाणी शर्टावर सांडलं. कस्तुरा, म्हणजे त्याची बायको, पोट धरून हसली. दुसऱ्या पुरीचंही तेच झालं, तेव्हा मात्र तिचं हसू विरलं. घरी तिखट खाल्लं की हल्ली नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं आणि तो वरणभातावर भागवतो, हे तिला एकदम आठवलं.

डॉक्टरांनी त्याला तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगितली. धडधाकट माणसाची जातात. निरंजनची दोन गेली, तीही कशीबशी. सुपारीनं गालाची आतली कातडी ताठ होत जाते, असं डॉक्टर म्हणाले. जे आखडलंय ते फारसं सुटणार नाही, पण हा सुपारी-तंबाखूचा मावा आजच्या आज सोडला तर निदान इथंच थांबेल. नाही सोडला तर पुढं पातळ पेज नळीनं प्यावी लागेल. आणि त्याच्याही पुढं काय, ते न बोलता त्यांनी नुसतं कस्तुराकडं पाहिलं. ते पाहणं निरंजनला पुरलं.

आता मावा सोड म्हणणं सोपं आहे. ज्यानं कधी खाल्लाच नाही त्याला तर फारच सोपं. निरंजन लातूरकडून चाकणच्या कंपनीत लागला, तेव्हा त्याला इथं ओळखणारं कुणी नव्हतं. कंपनीच्या बसमध्ये पहिल्याच दिवशी शेजारच्या सीटवरच्या तौसिफनं प्लॅस्टिकच्या कागदात मावा मळला आणि अर्धा त्याच्यापुढं धरला. तौसिफ दापोडीचाच, बापाचं गॅरेज होतं, त्याला सगळा रस्ता पाठ. तेव्हापासून दोघांची सीट ठरली. नाशिक फाट्याला तौसिफ पुडी काढायचा, भोसरीपर्यंत मळायचा आणि मोशीच्या आत दोघांचे गाल फुगलेले असायचे. त्या मळण्यातच सगळ्या गप्पा व्हायच्या. तौसिफला स्वयंपाकाची भारी हौस. गुरुवारच्या सुट्टीला तो बायकोला, रुबीनाला, स्वयंपाकघराबाहेर काढून स्वतः खिमा करायचा आणि दोन्ही घरं एकत्र जेवायची. मावा सोडायचा म्हणजे यातलं काय काय सुटणार होतं, याचा हिशेब डॉक्टरकडं कुठला असायला.

तरी निरंजननं सोडला. तौसिफनं सवयीनं हात पुढं केला तेव्हा तो म्हणाला, "मी बंद केलंय." तौसिफनं कारण विचारलं. निरंजननं तीन बोटांची गोष्ट सांगितली. तौसिफ हं म्हणाला आणि खिडकीबाहेर पाहत राहिला. दुसऱ्या दिवशी तो बसच्या अगदी मागच्या सीटवर जाऊन बसला. तिसऱ्या दिवशीही तिथंच. निरंजनला हे फार लागलं. इतक्या वर्षांची दोस्ती काय ती एका पुडीची होती, असं त्याच्या मनानं घेतलं, आणि एकदा मनानं घेतलं की लातूरचा माणूस ते सहजी सोडत नाही.

तोंडाचं एक वेळ भागत होतं. कस्तुरानं ओवा, तीळ, बडीशेप भाजून डबी भरून दिली होती. पण हातांचं काय करायचं? बसबाहेर दिवसभर तो स्वतःच मळायचा; आता मळायला काही नाही म्हटल्यावर हात नुसते वळवळायचे. घरी बसल्या बसल्या त्यानं टेबलक्लॉथची झालर उसवली, पायपुसण्याचे धागे ओढले, आणि एके संध्याकाळी टीव्ही पाहता पाहता टीव्हीवरच्या रुमालाला हात घातला. तो रुमाल कस्तुराचा. तिला क्रोशाचं वेड. दुपारची कामं आटोपली की सुई घेऊन बसायची. तोरणं, ताटावरचे रुमाल, फ्रिजची झाकणं, असलं काय काय करायची. घरात झाकण्याजोगं काही उरलं नाही तेव्हा शेजारणींच्या फ्रिजवर तिचं लक्ष गेलं होतं. रुमालाची कड सुटलेली पाहून ती भडकली आणि भडकल्या भडकल्याच तिनं एक जाडी सुई आणि लोकरीचा गुंडा त्याच्या मांडीवर आदळला.

"घ्या, हे उसवा. माझ्या वस्तूंना हात लावायचं काम नाही."

गुंडा राणी रंगाचा होता, अगदी डोळ्यांत खुपणारा. कुणालाच नको म्हणून पडून राहिलेला. कस्तुरानं त्याला साखळी घालायला शिकवलं. सुईवर फास, धागा घ्यायचा, फासातून ओढायचा, की झाली एक कडी. मग पुढची. दहा मिनिटांत त्याला ते जमलं. पुढं तिनं मुका खांब, म्हणजे त्यानंतरचा टाका, शिकवायचा प्रयत्न केला, पण त्याचा फास घट्ट, सुई आत शिरेना, आणि दोघांचाही पारा चढायला लागला. शेवटी तिनं नाद सोडला. निरंजन नुसती साखळीच घालत राहिला. गुंडा संपला की शेवटच्या कडीतून सुई काढायची, धागा ओढायचा, सरसर सगळी साखळी मोडायची, पुन्हा गुंडा करायचा आणि पुन्हा सुरुवात. विणण्यात जेवढं मन रमायचं तेवढंच मोडण्यात. हात शांत झाले की तोंडही गप बसायचं.

तो बसमध्येही विणायला लागला. एवढा मोठा बाप्या, कंपनीचा निळा शर्ट आणि हातात राणी रंगाची लोकर, म्हटल्यावर बसला सणच आला. ज्योतीरामअण्णा सगळ्यांत वयस्क. त्यांनी डोहाळजेवण कधी ठेवलंय म्हणून विचारलं, आणि मग रोजच कुणी ना कुणी टोपड्याचं माप विचारू लागलं. कंपनीच्या गेटवर आधी ज्याच्या मोज्यात पुडी सापडायची त्याच्या खिशात आता सुई सापडली. सिक्युरिटीवाल्यानं ती उलटीसुलटी करून पाहिली आणि शिफ्ट सुटेपर्यंत गेटवरच ठेवून घेतली. निरंजन हसून घ्यायचा. बस भरून लोक हसत असले तरी त्याचे कान मागच्या सीटकडं असायचे. तिथून मात्र कधी एक शब्द आला नाही.

एका गुरुवारी रुबीना डबा घेऊन आली. एकत्र जेवणं बंदच पडली होती, म्हणून कस्तुराला फार बरं वाटलं. डब्यात खिमा होता, पण पांढरट. ना लाल तर्री, ना हिरवी मिरची. दूध, खसखस, काजू असं काहीतरी घातलेलं. निरंजननं घास घेतला. कितीतरी महिन्यांनी मटण पोटात गेलं आणि गाल पेटला नाही. त्यानं डबा चाटूनपुसून खाल्ला. पण पोट भरल्यावर त्याला राग आला. बोलायचं नाही, शेजारी बसायचं नाही, आणि बायकोच्या हातून आजाऱ्याचं जेवण धाडायचं. ही कसली मेहरबानी? कस्तुरा डब्यात शेंगदाण्याचे लाडू भरत होती. त्यानं ते काढायला लावले.

"रिकामा डबा कुणी देतं का परत?" ती म्हणाली.

"दे," तो म्हणाला. "कळू दे त्याला."

कस्तुरानं रिकामा डबा नेऊन दिला. आयुष्यात पहिल्यांदाच. परत आली तेव्हा तिनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

असेच दिवस गेले. मग एका सकाळी चहाचा कप उचलला तर कपाखाली राणी रंगाची गोल चकती. निरंजनची साखळी कस्तुरानं गोल गोल गुंडाळून, दोऱ्यानं शिवून, तिचं सुबक आसन केलं होतं. नवऱ्यानं हातानं केलेली पहिली वस्तू, ती रोज मोडून टाकतो याची तिला हळहळ वाटायची. रात्री तो झोपल्यावर जागून तिनं ती कायमची केली होती. ती इतक्या कौतुकानं त्याच्याकडं पाहत होती की तिला काही सांगायचा त्याला धीर झाला नाही. छान झालंय म्हणाला, चहा संपवला. खाली बसचा हॉर्न वाजला. दुसरा गुंडा शोधायला वेळ नव्हता. एका दिवसानं काय होतंय, असं म्हणून तो निघाला.

त्या दिवशी चाकणच्या अलीकडं एक कंटेनर आडवा झाला. बस जागच्या जागी थांबली. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. लोक पेंगायला लागले, कुणी मोबाइल काढले. निरंजनची बडीशेपेची डबी संपली. त्यानं बोटं मोडली, सीटच्या रेक्झिनमधून स्पंज ओढला, बाहेर उभे असलेले ट्रक मोजले. तेवढ्यात मागून वास आला. ताज्या मळलेल्या माव्याचा. त्या वासानं त्याच्या तोंडाला असं पाणी सुटलं की त्याला स्वतःचीच लाज वाटली. आणि लाज वाटत असतानाच तो उठला, सीटांना धरत धरत मागं गेला आणि तौसिफसमोर तळहात पसरला.

तौसिफच्या हातात पुडी होती. त्यानं त्या तळहाताकडं पाहिलं, मग निरंजनच्या तोंडाकडं. आणि मूठ बंद केली.

"नाही देणार."

"चिमूटभर दे."

"शिव्या घाल भावा मला, पण नाही देणार. आणि तू इथं आलास कशाला? वास तिथपर्यंत जाऊ नये म्हणून तर मी इतक्या मागं येऊन बसलोय."

निरंजनला पहिल्यांदा काही समजलंच नाही. समजलं तेव्हा तो तिथंच मधल्या जागेत उभा राहिला. कुणीतरी गालफडात द्यावी आणि तीही आपण मागून घेतलेली असावी, तसं त्याला झालं.

"सांगायचं तरी," तो म्हणाला.

"काय सांगू? सांगितलं असतं तर म्हणाला असतास, तू पण सोड." तौसिफनं हातातली पुडी बाजूला ठेवली आणि उजव्या हाताची दोन बोटं उभी धरून ओठांशी नेली. ती दातांशीच अडली. "तू सांगितलंस त्याच दिवशी घरी जाऊन बघितलं. रोज सकाळी ठरवतो राव. नाशिक फाटा आला की हात आपोआप खिशात जातो."

निरंजन त्याच्या शेजारी बसला. त्यानं विचारलं, "खिमा कुणी केला होता?"

"रुबीना बिनमिरचीचा खिमा करेल? तिला तर बघवत नव्हता." तौसिफ जरासा हसला. "तीन वेळा बिघडला तेव्हा कुठं तसा जमला. मीपण आता तोच खातो."

मग तो बाहेर पाहत हळूच म्हणाला, "डबा रिकामा आला, तेव्हा वाटलं, नाही आवडला तुला."

चाटूनपुसून खाल्ला होता, एवढंच निरंजनला सांगता आलं.

संध्याकाळी त्यानं कस्तुराला सगळं सांगितलं. ऐकून ती आधी रिकाम्या डब्यावरून त्याला हवं तेवढं बोलली, आणि ते त्यानं मुकाट्यानं ऐकून घेतलं. मग तिनं टेबलावरचं आसन उचललं आणि छोटी कात्री घेऊन बसली. एक एक टाका कापत तिनं ते उलगडलं. शेवटची गाठ फार घट्ट होती, ती तिनं सुईच्या टोकानं सोडवली.

"चांगलं झालं होतं," निरंजन म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटत होतं.

"झालं तर होतंच," ती म्हणाली. "पण झाकणं काय, ढीगभर आहेत घरात." आणि साखळी पिशवीत भरताना तिनं वर लाडवांचा डबाही ठेवला.

सकाळी तौसिफ बसमध्ये चढला. मागं निघाला होता, तेवढ्यात निरंजननं शेजारच्या सीटवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली. तौसिफ क्षणभर घुटमळला आणि बसला. नाशिक फाटा आला. तौसिफचा हात खिशाकडं गेला, पुडी बाहेर आली. निरंजननं पिशवीतून साखळीचं मोकळं टोक काढलं आणि त्याच्या दुसऱ्या तळहातावर ठेवलं.

"काय करू याचं?"

"ओढ."

तौसिफनं बिचकतच ओढलं. एक कडी सुटली. मग पुढची, मग त्याच्या पुढची. तो थोडा थबकला, पुन्हा ओढलं, आणि सरसर कड्या सुटायला लागल्या. दोन्ही हात लागले तेव्हा पुडी मांडीवरून सीटच्या फटीत घसरली. सुटलेला धागा तो बोटांभोवती गुंडाळत गेला. ज्योतीरामअण्णांनी पुढून वळून पाहिलं आणि आता डोहाळजेवण दोघांचं एकदमच उरकून टाका म्हणाले. सगळी बस हसली. तौसिफनं मान वर केली नाही. भोसरी गेली, मोशी मागं पडली. ज्या तळहातावर इतकी वर्षं मावा मळला गेला, त्यावर राणी रंगाचा गुंडा वाढत होता.

त्या दिवशी त्यानं मावा खाल्लाच नाही असं नाही. जेवणाच्या सुट्टीत गेटबाहेर जाऊन खाल्ला आणि येऊन तसं सांगितलंही. निरंजननं लाडवाचा अर्धा तुकडा त्याच्या हातावर ठेवला. सकाळचा तेवढा चुकला होता.

शिफ्ट सुटल्यावर बसमध्ये तौसिफनं तो गुंडा खिशातून काढला. त्यानं तो अगदी घट्ट गुंडाळला होता. निरंजननं सुई काढली, पहिला फास घातला.

"लांब विण," तौसिफ म्हणाला. "उद्या सकाळी मला लागेल."